नांगराच्या तासाबाहेरची गाय

माझ्या पेस्त्रूखाला रॉकेलच्या वासाचं वेड होतं. इतर गायी मालकिणीला हाकेवरून ओळखतात, ही मला धुरावरून ओळखायची. संध्याकाळी ट्रॅक्टरवरून उतरून मी गोठ्यात शिरले की ती आधी माझ्या बाह्या चाटायची, मग हात, आणि मग कुठे पान्हा सोडायची. एकदा मे दिनाच्या सभेसाठी मी साबण लावून स्वच्छ आंघोळ केली, तर तिने मला लाथ मारली. गावातल्या बाया मला म्हणायच्या, ग्लाशा, तुझ्या गाईच्या दुधाला काडी लावली तर पेटेल. पेटत नव्हतं. मी लावून बघितली होती.

भुकेच्या वर्षी आमच्या घरातली सगळी माणसं गेली. उरलो आम्ही दोघी. छपरावरचा जुना पेंढा उपसून मी तिला घातला आणि तिने त्याचं दूध करून मला पाजलं. यापेक्षा जास्त त्याबद्दल मी कधी बोलले नाही, आताही बोलणार नाही.

एकोणीसशे छत्तीसच्या वसंतात मी तेवीस वर्षांची होते. आमच्या तालोव्का गावच्या सामूहिक शेताला सरकारी ट्रॅक्टर स्टेशनने एकच ट्रॅक्टर दिला होता आणि तो मी चालवत होते. लोखंडी खुर्ची, वर आभाळ, मागच्या चाकांना वीतभर लांब लोखंडी दाते. मागे नांगरावर लुशा बसायची, तरफ ओढून फाळ खाली-वर करायला. दिवसभर सगळी धूळ तिच्याच तोंडावर. एका वर्षी तिच्या कानामागे ओट उगवला होता. आम्ही तो कणसावर येऊ दिला आणि मग कापून कोंबड्यांना घातला.

त्याच वसंतात पलीकडच्या येरिक गावात गुरांचा रोग आला. आठवड्याभरात तिथले गोठे रिकामे झाले. वारा तिकडून वाहायला लागला की पुरलेल्या गुरांवर टाकलेल्या चुन्याचा वास यायचा आणि आमच्या गायी माना वर करून उभ्या राहायच्या. मी पेस्त्रूखाच्या गळ्यात हात टाकून झोपायला लागले.

एका सकाळी मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते, तेवढ्यात स्तेपानीदा आजी आली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. काठी नव्हती, पण चालताना असं वाटायचं की तिने ती नुकतीच कोणाच्या तरी पाठीत मोडली असावी.

"ग्लाशा, तुझं हे धूड गावाभोवती फिरवायचंय," ती म्हणाली.

काय ते मला लगेच कळलं. आमच्याकडे गुरांवर मरण चालून आलं की बाया गावाभोवती नांगर ओढतात. पुरुषांनी दारं लावून घरात बसायचं. बायांनी पांढरे झगे घालायचे, केस मोकळे सोडायचे, स्वतःला नांगराला जुंपून घ्यायचं आणि नांगराने पाडलेल्या तासाचं, म्हणजे त्या चरीचं, शेवटचं टोक पहिल्याला मिळेपर्यंत थांबायचं नाही. मरण त्या तासापाशी येतं, वाकून बघतं आणि परत जातं.

"आजी, मी निरीश्वरवादी मंडळाची सेक्रेटरी आहे," मी म्हणाले.

"अगं, मग देवाचं नाव घेऊ नकोस. नुसतं नांगर."

"आणि बैठकीत मला विचारलं तर?"

"सांग, आगीला आडवा पट्टा काढला. गवत पेटलं तर गाव वाचावं म्हणून. तेही काही खोटं नाही." मग ती ट्रॅक्टरभोवती फिरली, त्याच्या दात्यांना बोट लावून बघितलं. "माझ्या आजीच्या वेळी बारा जणी जुंपल्या होत्या. आता बारा जणी आणायच्या कुठून? निम्म्या म्हाताऱ्या, निम्म्यांच्या पाठी गेलेल्या. याच्यात किती घोड्यांचं बळ आहे म्हणतात?"

"पंधरा."

"घोडे की घोड्या?"

मी लुशाकडे बघितलं. लुशाने आभाळाकडे बघितलं.

"कारण नर एक जरी निघाला तरी सगळं फुकट," आजी म्हणाली.

"सगळ्या घोड्या आहेत, आजी," मी म्हणाले. "स्टेशनवर तपासून घेतल्यात मी."

"शपथ घे."

"कोणाची घेऊ? देव तर नाही."

"गाईची घे."

मी पेस्त्रूखाची शपथ घेतली. आणि एकदा तिची शपथ घेतल्यावर मला मागे फिरता येईना. मंडळाची सेक्रेटरी काहीही म्हणो, येरिकच्या बाजूने वारा वाहतच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे जे धुकं पडलं तसं मी आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही कधी बघितलं नाही. लुशाने डोक्याचा रुमाल सोडून बाजूला ठेवला, तर तो हवेतच राहिला. चंडोल पक्षी उडायचे सोडून पायी चालले होते. मी हॅन्डल मारलं, ट्रॅक्टर खोकला, आणि गावातल्या चाळीसेक बाया पांढऱ्या झग्यांत, केस मोकळे सोडून धुक्यातून बाहेर आल्या. म्हणजे, धुक्याचेच चाळीस तुकडे सुटून पुढे आल्यासारखे वाटले. सगळ्यांनी बडवायला हातात तवे आणले होते, पण ट्रॅक्टर सुरू झाल्यावर आजीने ते खाली ठेवायला लावले. "हे एकटंच चाळीस तव्यांचं काम करतंय," ती म्हणाली.

आमच्या शेतावरचा ब्रिगेडप्रमुख प्रोखोर पार्टीचा माणूस. तरी त्याने दाराला आतून कडी घातली आणि खिडकीला उशी लावली. आईचं ऐकणारा होता.

लुशाने फाळ खाली सोडला आणि आम्ही निघालो. समोर काहीच दिसत नव्हतं. एरवी पहिलं तास धरताना लांबवर काठी रोवून तिच्यावर नजर ठेवायची असते. त्या दिवशी मी गावाच्या वासावर चालवलं. उजवीकडे भाकरीचा आणि धुराचा वास येत राहिला की समजायचं, गाव उजवीकडे आहे. डावीकडे दवण्याचा कडू वास, म्हणजे गवताळ माळ. दोन वासांच्या मधून मी ट्रॅक्टर नेत होते. मागे काळी माती उलटत होती, तिच्यातून वाफ निघून धुक्यात मिसळत होती, आणि बाया अनवाणी पायांनी त्या मऊ मातीवरून चालत होत्या.  मला वाटायला लागलं, मी ट्रॅक्टरवर नाहीच. घरी झोपलेय, आणि ही खडखड म्हणजे पेस्त्रूखाच्या पोटातलं रवंथ आहे. अर्ध्या वाटेत रेडिएटर उकळायला लागला. पाणी लांब होतं. लुशाने ओंजळीने धुकं भरून ओतलं आणि तो शांत झाला.

मग सगळ्यात मागची बाई पुढे पळत आली.

"मागून कोणीतरी येतंय."

"कोण?"

"कोणास ठाऊक. श्वास ऐकू येतो. मोठा, ओला. आपण थांबलो की थांबतं."

मी वेग कमी केला. खरंच, इंजिनाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत ते मलाही ऐकू आलं. फुस्स. फुस्स. आणि जड पावलं.

"मागे बघू नका," स्तेपानीदा आजी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "तेच आहे. येरिकहून निघालंय. ग्लाशा, हाण."

मी हाणलं. पंधराच्या पंधरा घोड्या उधळल्या. बाया झगे वर धरून पळत सुटल्या, आणि मागून ते येतच राहिलं, ना जवळ ना लांब.  मंडळाची सेक्रेटरी कुठे उतरून गेली कळलं नाही. शेवटी समोर मातीची काळी रेघ दिसली, आमचंच सुरुवातीचं तास. मी त्यात चाक घातलं, लुशाने फाळ उचलला, वर्तुळ मिटलं. बाया उड्या मारून तासाच्या आत गेल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

"बाहेर राहिलं," आजी म्हणाली. "मरण बाहेर राहिलं. आता तासात गवत फुटेपर्यंत एकही खूर हे ओलांडणार नाही."

तेवढ्यात धुकं वर उचललं गेलं, चादर झटकावी तसं. आणि तासाच्या पलीकडे, बाहेरच राहिलेल्या ट्रॅक्टरच्या धुराड्याशी नाक लावून, तोंडात तुटलेलं दावं लोंबत असलेली माझी पेस्त्रूखा उभी होती.

मला हसूच फुटलं. "अगं बये, तू होय!" मी खाली उतरून तिचं दावं धरलं आणि आत आणायला वळले.

स्तेपानीदा आजी समोर आडवी उभी राहिली.

"तिथेच थांब."

"आजी, ही पेस्त्रूखा आहे."

"दिसते पेस्त्रूखासारखी."

"म्हणजे?"

"नांगरामागून जे येतं ते मरण. ते कधी मांजर होऊन येतं, कधी कुत्रं. या खेपेला ते तुझी गाय होऊन आलंय. कारण त्याला ठाऊक आहे, नांगर कोण चालवतंय."

"ती रॉकेलच्या वासाने आली! तुम्हा सगळ्यांना माहीत आहे!"

बायांनी खाली बघितलं. माहीत होतं सगळ्यांना. पण प्रत्येकीच्या गोठ्यात एकेक गाय होती, आणि प्रत्येकीने तो श्वास ऐकला होता. एकीने हळूच म्हटलं, "माळावर हाकलून दे ग्लाशा." दुसरी म्हणाली, "हाकलली तर परत येईल. दाताळं आणते मी."

मला सांगायला लाज वाटते, पण खरं ते हेच: मी तिला ओढून आत नेऊ शकले असते. ते तास मीच काढलं होतं, फुटभर खोल, दोन पावलांचं काम. माझा पाय उचलला नाही. चाळीस जणींच्या गायी आत होत्या. मी पेस्त्रूखाच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "मग मी पण बाहेर. जिला दाताळं आणायचंय तिने आधी मला टोचावं."

दुपारी गुरांचे डॉक्टर आले, निकानोर इलिच, घोडागाडीत औषधांची पेटी घेऊन. बारीक, चष्मेवाला, सदा सर्दी झालेला माणूस. तीन दिवस येरिकमध्ये होते. आजीने त्यांनाही तासावरच अडवलं.

"तुमच्या बुटांना येरिकची माती आहे."

डॉक्टरांनी बूट बघितले. "बाई बरोबर बोलतेय," ते मला म्हणाले. "पण गायींना आजच टोचायला हवं. उद्या औषध बिघडेल. आणि ही बाहेर का?"

"ही मरण आहे," मी म्हणाले.

त्यांनी पेस्त्रूखाचे डोळे बघितले, जीभ ओढून बघितली, पोटाला कान लावला. "अगदी ठणठणीत आहे."

"मरणाला काय धाड भरणार?" आजी तासाच्या आतून म्हणाली.

शेवटी असं ठरलं. बाया आपापल्या गायी घेऊन तासापर्यंत आल्या. डॉक्टर बाहेरून चालत एकेकीसमोर उभे राहिले, एका हातावर मीठ, दुसऱ्या हातात सुई. गाय मीठ चाटायला मान तासावरून बाहेर काढायची, की टुच. मान बाहेर गेली तर चालेल का यावर थोडा वाद झाला. आजीने खूर मोजले, चारही आत होते, चालेल म्हणाली. सगळं गाव असं उभं होतं, काळ्या रेघेवर माना काढून चाळीस गायी, जणू खिडक्यांतून शेजारणी डोकावतायत. आणि मग काय झालं, तर माझ्या पेस्त्रूखाने माझ्या हातातून दावं सोडवून घेतलं आणि ती डॉक्टरांच्या मागे मागे चालत प्रत्येक गाईचं तोंड चाटत गेली. मीठ होतं ना तोंडाला. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

बाया घाईघाईने आपापल्या गाईचं तोंड पुसायला लागल्या. 

"नऊ दिवस," डॉक्टर घाईने म्हणाले. "नऊ दिवसांत एकही पडली नाही, तर मग कुठलीच पडणार नाही."

"आणि एक जरी पडली," स्तेपानीदा आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "तर ग्लाशा, मग तू मधे येऊ नकोस."

ते नऊ दिवस मी माळावर काढले. डॉक्टर पण राहिले, गाडीखाली घोंगडी टाकून. बुटांची माती वाळेपर्यंत, असं म्हणायचे. दिवसभर मी नांगरायचे, लुशा तासावरून उडी मारून कामाला यायची आणि येताना भाकरी आणि वरीची लापशी आणायची. पेस्त्रूखा ट्रॅक्टरमागे उलटलेल्या मातीवरून चालायची. ऊन चढलं की माळाच्या कडेला पाणी दिसायला लागायचं, नसलेलं पाणी, आणि त्यात आमचं गाव उलटं लटकलेलं. घरं खाली छप्पर करून, गायी पाय वर करून. मी त्या गावाकडे ट्रॅक्टर नेत राहायचे. वाटायचं, तिथे पोचले तर तास नसेल, गोठ्याचं दार उघडं असेल. ते मागे मागे सरकायचं. एकदा तर मी त्याच्या इतक्या जवळ गेले की मला उलट्या धुराड्यातून कोबीच्या सुपाचा वास आला.

संध्याकाळी मी तासापाशी जायचे. पलीकडे आजी उभी असायची.

"सगळ्या उभ्या?" मी विचारायचे.

"सगळ्या," ती म्हणायची आणि जायची.

पेस्त्रूखाचं दूध मी रोज काढायचे. कोणी घेत नव्हतं. डॉक्टर आणि मी प्यायचो, उरलेलं ट्रॅक्टरला पाजायचे. विश्वास ठेवू नका, पण त्या आठवड्यात तो धुराऐवजी साय टाकत होता.

सहाव्या संध्याकाळी आजी तासापाशी नव्हती. तिच्याऐवजी दहा-बारा बाया आल्या, हातात दाताळी.

"आजीची गाय पडली," लुशा म्हणाली. ती रडत होती. "सकाळपासून उठत नाही. मान टाकलीये."

मी ट्रॅक्टरकडे बघितलं. हॅन्डल मारून पेस्त्रूखाला मागे घेऊन निघून जावं, त्या उलट्या गावाकडे, मनात आलं. पण गाईच्या वेगाने पळून कोण कुठे जातं? मी तिच्यापुढे उभी राहिले. पेस्त्रूखाने माझी बाही चाटायला घेतली. एका बाईने तास ओलांडलं, मग दुसरीने. 

"थांबा ग!"

स्तेपानीदा आजी येत होती. पळत, डोक्यावर रुमाल नाही. तासापाशी येऊन ती थांबली.  मला वाटलं, आता म्हणेल, लवकर आटपा.

"डॉक्टर," ती म्हणाली, "गाय दारू प्यायली तर कशी दिसते?"

निकानोर इलिच गाडीखालून बाहेर आले. "मान टाकते. उठत नाही. कधी कधी घोरते."

"घोरतेय," आजी म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिचा चेहरा बीटसारखा लाल झाला होता. घरी दारू गाळली तर आमच्याकडे त्या काळी थेट तुरुंग होता, आणि गावात नशेवर सगळ्यात जास्त शिव्या हीच बाई देत असे.

"तळघरात पिंप होतं," ती म्हणाली. "बीटाचं. आंबत ठेवलं होतं. आता रिकामं आहे. चाटून पुसून." मग आवाज चढवून, "काय बघताय? गुडघ्यांना चोळायला लागतं मला!"

"एक पिंप, आजी?" लुशा म्हणाली.

"गुडघे दोन आहेत!"

दाताळी खाली आली. कोणीतरी हसलं, मग सगळ्याच. फक्त आजी आणि मी हसलो नाही. तिला गप्प राहता आलं असतं. पेस्त्रूखा गेली असती, पिंप कोणाला कळलं नसतं. ती तासाच्या आतून माझ्याकडे बघत होती, आणि मी पहिल्यांदा बघितलं की तिचे डोळे फार फिके आहेत, पाणी घातलेल्या दुधासारखे.

"सकाळपर्यंत उठेल," डॉक्टर म्हणाले. "पाणी पाजा. आणि बोलू नका तिच्याशी, डोकं दुखत असेल." सकाळी उठली. प्रोखोरने पिंपाचं ते काही ऐकलं नाही. खिडकीला अजून उशी होती म्हणे.

नवव्या दिवशी चाळीसच्या चाळीस गायी उभ्या होत्या. दुपारी सगळं गाव तासापाशी जमलं, आता पुरुषसुद्धा. मधे एक रात्र पाऊस झाला होता, आणि काळ्या मातीतून हिरवी पाती वर आली होती, केसाएवढी. एवढ्याला गवत म्हणायचं का, यावर बाया कुजबुजत होत्या.  मी पेस्त्रूखाला ओढलं नाही. दावं सोडून दिलं.

ती तासापाशी गेली. वास घेतला. एक पातं खाल्लं, मग दुसरं. खाता खाता पुढचे दोन पाय आत पडले.  आणि तिथेच, मऊ मातीत, अर्धी आत अर्धी बाहेर, ती खाली बसली आणि डोळे मिटून रवंथ करायला लागली.

आम्ही वाट बघितली. ऊन कलायला लागलं. लोक गवतावर बसले, मग आडवे झाले. डॉक्टर झोपले, प्रोखोर झोपला, लुशा नांगरावर बसल्या बसल्या झोपली. गाईच्या रवंथाचा आवाज माळभर पसरत होता, आणि मला वाटलं, आता गाव, माळ, तास सगळं तिच्या पोटात जाऊन हळूहळू चघळलं जातंय. जाग्या होतो फक्त मी आणि आजी, ती आत, मी बाहेर, मधे गाय.

"धार काढायची वेळ झाली," मी म्हणाले.

"दिसतंय मला."

"उठवू?"

"नको." ती गाईला निरखत राहिली. "आत आलाय तो अर्धा भाग नुसता खाणारा. दूध देणारा बाहेरच राहिलाय."

मग ती उठली, गुडघ्यांवर हात टेकून, घरात गेली आणि बादली घेऊन आली. झगा थोडा वर धरला, तास ओलांडून माझ्या बाजूला आली आणि पेस्त्रूखाच्या पाठीवर थाप मारली. पेस्त्रूखा पुढचे पाय आतच ठेवून, मागचे सावरत उभी राहिली. आजी खाली बसली, कपाळ तिच्या कुशीला टेकलं आणि धार काढायला लागली. पहिली धार बादलीत वाजली, दुसरी वाजली. मग फेस आला आणि आवाज मऊ झाला.

बादलीला तोंड लावून ती बराच वेळ प्यायली. ओठांवरचा फेस तळहाताने पुसला.

"रॉकेल लागतंय," ती म्हणाली, आणि बादली माझ्याकडे सरकवली.